मेन बंद केल्यावरही जळणारा दिवा

मामा, तू अटॅकने गेलास असं दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातंय. खोटं आहे. तू शॉक लागून गेलास. भर दुपारी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच ओढलेल्या वायरीला हात लागून. दवाखान्याच्या कागदावर तसंच लिहिलंय आणि घरात सगळ्यांना ते माहीत आहे. तरी दादामामा, तुझा सख्खा थोरला भाऊ, ओटीवर बसून लोकांना सांगतोय की अटॅक आला, स्टुलावरून पडला. लोक मान हलवतात, पाणीसुद्धा न घेता उठतात, आणि मी आतल्या खोलीत दात आवळून ऐकत बसते.

मला पत्रकं लिहायची सवय. आमच्या विज्ञान प्रसाराच्या संघटनेत गेल्या गेल्या शिकवतात, पहिल्या ओळीत काय बिघडलंय ते सांगा, कोणाला काय वाटेल याचा विचार नंतर. म्हणून पहिली ओळ तशी लिहिली. पुढच्या ओळींचं कोणी काही शिकवलेलं नाही.

ती वायर कुठून कुठे जाते हे तुला सांगायला नको. पण तुझ्या तेराव्याला जेवायला येणार आहेत त्यांना सांगायला हवं, म्हणून लिहिते. खांबावरून वीज मीटरमध्ये येते, मीटरमधून मेन स्विचमध्ये, आणि मेनमधून घरभर. मेन बंद केला की घरातली प्रत्येक तार मेली पाहिजे. त्यासाठीच तर मेन असतो. आपल्या घरात सगळ्या तारा मरत नव्हत्या. मीटर आणि मेन यांच्या मधूनच तू एक बारीक वायर काढली होतीस. ती माळ्याखालून, स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या बॉक्समधून देवघरात जायची, आणि तिच्या टोकाला झिरोचा लाल बल्ब. मेन बंद करा, बिघाडाने ट्रिप स्विच आपोआप पडू दे, घरात काळोख झाला तरी देवासमोरचा तो लाल दिवा चालूच.

का, तर आजी होती तेव्हा तिने जेवण टाकलं होतं. गौरी-गणपतीत मिक्सर जळाला, तू धावत जाऊन मेन बंद केलास आणि देवघरातला दिवाही गेला. सणाच्या दिवशी देव अंधारात बसला म्हणून तुझी आई भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच. दिवस मावळायच्या आत तू ती वायर ओढलीस. मग ती जेवली. सगळ्या नातेवाइकांना तू ही गोष्ट छाती फुगवून सांगायचास.

मला राग याचा येतो की तुला सगळं कळत होतं. तुझ्याकडे वायरमनचा परवाना होता. कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेनची वायरिंग तू बघायचास, आणि तिथे मेन बंद करून त्याला कुलूप घालून किल्ली खिशात टाकल्याशिवाय तू कोणाला तारेला बोट लावू द्यायचा नाहीस. एकाला तर त्यावरून थोबाडीत दिली होतीस. तोच माणूस घरी येऊन देवापुढे परवाना खुंटीला टांगतो, हे मला समजलं नाही. तुला माहीत नसतं तर मी कधीच सोडून दिलं असतं.

आणि आपल्या घरापुरतं राहिलं असतं तरी एक वेळ ठीक. शेजारच्या म्हात्रे काकींनी तो दिवा पाहिला. मेन बंद तरी देव उजेडात! मग काय, आळीतल्या सगळ्यांनाच तसा दिवा हवा झाला. शेतं संपादनात गेली होती, कौलं गेली होती, जो तो स्लॅब टाकत होता, वर भाड्याच्या खोल्या काढत होता, आणि प्रत्येक स्लॅबखाली एक देवघर. तू संध्याकाळी कळंबोलीहून यायचास आणि एकेका घरात ती वायर ओढून द्यायचास. देवाच्या कामाची मजुरी घ्यायची नाही हा तुझा नियम. दिवा लागला की त्या घरची बाई तुझ्या हातात नारळ ठेवायची आणि तो तू मामीला आणून द्यायचास. पुण्य मिळवत होतास.

मी संघटनेत शिरले तेव्हा पहिलं पत्रक याच विषयावर काढलं. गिझर, अर्थिंग, मेन, शॉक लागलेल्या माणसाला कसं सोडवायचं. चित्रं घालून, मोठ्या अक्षरात. ते घेऊन मी आळीत शिरले की तू ओटीवरूनच ओरडायचास, "आली गो आमची कागदवाली. चला, मीटर लपवा." सगळे हसायचे. मग तू ते पत्रक हातात घेऊन सभेत भाषण ठोकावं तसं मोठ्याने वाचायचास. एकदा वाचता वाचता मध्येच थांबलास. ओळ होती, टेस्टर आधी चालू तारेवर लावून बघा, मगच बंद तारेवर लावा. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलंस.

"हा माजा हाय. चोरलास."

चोरलंच होतं. फ्यूजची तार घालायला तूच शिकवलंस मला. टेस्टर पेटला नाही म्हणजे तारेत वीज नाही असं समजायचं नाही, टेस्टरच मेलेला असेल, आधी त्याची परीक्षा घे. हे तू बारावीतल्या मुलीला इतक्या गंभीरपणे सांगितलंस की बाकीचं काय शिकले ते विसरले, हे नाही विसरले. कळंबोलीच्या चाळींत, नेरे गावच्या शाळेत, बायकांच्या बैठकीत, जिथे गेले तिथे तुझं हे वाक्य मी माझं म्हणून सांगितलं. त्या दिवशी तू चोरी पकडलीस आणि पत्रक घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलंस. तेवढंच एक पत्रक तू ठेवलंस. उरलेला गठ्ठा मामीने मसाल्याच्या डब्यांखाली फळीवर अंथरला. मला राग आला होता. तू म्हणालास, बरा झाला, तेलाचे डाग तरी नाय पडणार.

मी काही तुझा दिवा विझवा म्हणत नव्हते. किती वेळा सांगितलं. ती वायर मेनच्या पुढे घे, देवघराला वेगळा छोटा स्विच दे. घरातलं काही बिघडलं तर तेवढाच भाग बंद कर, देवाचा दिवा चालू राहील. फक्त मेन बंद केला की सगळं बंद झालं पाहिजे. अर्ध्या दिवसाचं काम. तू ऐकून घेतलंस, विडी पेटवलीस आणि म्हणालास, "देवाला बटन? आमचा देव बटनावर चालत नाय."

मग मी भारनियमनाचा मुद्दा काढला. मला वाटलं याला तुझ्याकडे उत्तर नसेल. रोज तासन्‌तास वीज जात होती तेव्हा. तुझा तो थेट मीटरवरचा दिवाही जायचा, देव घामाने निथळत अंधारात बसायचा. मी म्हटलं, मामा, रोज इतका वेळ देव अंधारात असतो, त्याने तुझं काय वाकडं केलं? मग कधी काळी दोन मिनिटं मेन बंद केला तर काय होणार आहे?

तू विचार केलास. तुझ्याशी भांडण्यात तेवढं एक सुख होतं, तू विचार करायचास. आणि मग म्हणालास, "सरकारनं इझवला तर पाप सरकारला. माज्या हातानं इझला तर माज्या डोक्यावर."

वाक्य पक्कं होतं.  म्हणून तू बरोबर होतास असं मात्र मी म्हणणार नाही.

शेवटचं भांडण तर पाण्यावरून झालं. गच्चीवरच्या टाकीचा पाइप सांध्यात गळत होता. पाणी स्लॅबमधून स्वयंपाकघराच्या भिंतीत उतरलं होतं, रंगाचे पोपडे निघाले होते, आणि ओल बरोबर त्या बॉक्सपर्यंत आली होती. ट्रिप स्विच सारखा पडायला लागला. मी आले तेव्हा मामी मेणबत्तीच्या उजेडात भाकऱ्या थापत होती आणि देवघरातला लाल दिवा ऐटीत जळत होता. मी तिथेच सुरू झाले. आधी पाइप बदल, भिंत सुकू दे, आणि बॉक्स उघडायच्या आधी खांबावरून वीज तोडून ती देवाची वायर काढून टाक. तू विचारलंस, वायरमन तू का मी? मी म्हटलं, कोणीतरी मरायची वाट बघतोयस का?

तू हसलास. "मेला तर त्याच्या नावाचा पत्रक काढ. फोटो चांगला लाव."

माझं वाक्य मी मागे घेत नाही, मामा. लोक म्हणतील गेलेल्या माणसाला असं बोलू नये. मी हे तू होतास तेव्हाही बोलले, तोंडावर बोलले, आणि खरं होतं.

त्या दुपारचं मामीने मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारू नको म्हणाली, मी विचारलं नाही. पाइपचा सांधा तू सकाळी बदललास, ते काम चांगलं केलंस. भिंत सुकायची वाट बघितली नाहीस. मेन बंद केलास. लोखंडी स्टूल घेतलंस, अनवाणी चढलास, फरशी ओली होती. बॉक्स उघडलास. टेस्टर तुझ्या खिशात होता. तुला घरी आणलं तेव्हाही तो खिशाला तसाच लावलेला होता, मी स्वतः काढला. क्रेनच्या तारेवर तू कधी टेस्टरशिवाय हात टाकला नसतास. पण हे घर तुझं, भिंत तुझी, वायर तू ओढलेली, आणि मेन तू स्वतः बंद केलेला. ती एक तार मेनला विचारत नाही, हे जगात सगळ्यांत जास्त कोणाला माहीत असायला हवं होतं?

मामी आवाज ऐकून आली तेव्हा तुझा हात बॉक्समध्येच होता. सुटत नव्हता. ती तुला ओढायला धावली. मेनचा दांडा खाली होता, तिने बघितलं होतं. मग देवघराकडे नजर गेली तर दिवा जळत होता.

"दिवा जळत होता गो. म्हणून हात नाय लावला." एवढं बोलून तिने फळीकडे बघितलं. मग म्हणाली, "पाट घेतला. लाकडाचा घ्यायचा, ता तुज्या कागदात होता. डब्याखालच्या."

पाटाने तिने तुझा हात सोडवला. उशीर झाला होता. पण मामी आहे, मामा. ती जेवते, झोपत नाही, पण आहे. तू हे ऐकायला हवं होतंस. डब्यांखालच्या पत्रकाने तुझी बायको वाचवली हे मला तुझ्यासमोर उभं राहून सांगायचं होतं, आणि तू काहीतरी फालतू विनोद करायला हवा होतास.

दादामामाचं म्हणणं मी ऐकून घेतलं. परवानेवाला वायरमन शॉकने मेला म्हटलं तर लोक हसतील. त्याने आळीभर हात लावलाय, त्याचं नाव खराब होईल, मामीने लोकांना तोंड कसं दाखवायचं. मी म्हटलं, आळीभर हात लावलाय म्हणूनच सांगायला हवं. एकेका घरात तीच वायर आहे, त्या घरांतही भिंती ओल्या होतात, तिथेही कोणीतरी मेन बंद करून निर्धास्त चढणार आहे. तो म्हणाला, तेरावं होऊ दे, मग बघू. मी पत्रक लिहून छापायला न्यायला निघाले तर माझ्या हातातून कागद काढून घेतला. मारामारी करायची वेळ नव्हती. पण मला गप्प बसता येत नाही हे तुला माहीत आहे.

निदान आपल्या घरातली तार तरी काढावी. पनवेलमधून दुसरा परवानेवाला वायरमन मी आणून उभा केला. मेनच्या आधीची तार असल्याने खांबावरून वीज तोडायला लागणार होती, त्याचीही सोय करून आला होता बिचारा. दादामामा दारात आडवा. सुतकात देवाला हात लावायचा नाही. देवघराचं दार लोटलेलं, पूजा बंद, आणि त्या लोटलेल्या दाराच्या फटीतून तोच लाल उजेड बाहेर पडतोय. तू पडलास तिथे पिठावर तेलाचा दिवा. इकडे तुझा दिवा, तिकडे देवाचा, आणि मध्ये ओल्या भिंतीत उघडा बॉक्स, ज्यावर मी पोळपाट टेकवून समोर लाकडी स्टूल आडवं लावलेलं. लहान मुलं येतायत, रडणाऱ्या बायका भिंतीला टेकतायत. आणि हात लावायचा नाही, कारण सुतक.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. वायरमन पिशवी उचलून निघाला होता. तेव्हा मामी कोपऱ्यातून उठली. तू गेल्यापासून ती पुरुषांच्या बोलण्यात पडली नव्हती.

"सुतक माणसांना हाय भाऊजी. वायरीला नाय."

दादामामा बाजूला झाला. एवढंच पुरेसं होतं. मी इतकी वर्षं भाषणं ठोकली, चित्रं काढली, मुद्दे मांडले, आणि मामीने पाच-सहा शब्दांत संपवलं.

खांबावरून वीज तोडली. तुझी तार निघाली. भिंतीतून ओढताना ती अडकत अडकत आली, चांगली घट्ट बसवली होतीस. मामी बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, आळीतल्या घरतांकडे पण हाय. मी विचारलं, अजून कोणाकडे? तिला सगळं पाठ होतं. घरतांचा नारळ खवट निघाला होता. ठाकुरांनी शेंडी काढून दिला, देवाच्या कामाला शेंडीचा द्यायचा असतो एवढं कळत नाही त्यांना. म्हात्रे काकींचा इतका गोड की त्याच्या वड्या केल्या, आणि वड्या तू एकट्याने संपवल्यास. तू ज्या ज्या घरात वायर ओढलीस त्या त्या घरचा नारळ तिच्या विळीवर आला होता. कुठल्या भिंतीत मरण आहे ते मामीला नारळाच्या चवीवरून सांगता येत होतं.

सुतकातली बाई कोणाच्या घरी जात नाही. मामी गेली नाहीच. ती आळीच्या मधून चालत गेली आणि प्रत्येक दारासमोर, पायरीच्या खाली, रस्त्यावर उभी राहिली. दुपारची वेळ, बायका बाहेर आल्या. तिला अशी रस्त्यात बघून त्या पायरीवरच थांबल्या. आणि ती शांतपणे, जसा निरोप द्यावा तसं सांगत गेली.

"आमचा माणूस अटॅकनं नाय गेला. शॉकनं गेला. मेन बंद करा न देवघरात बगा."

मी तिच्या मागे, वायरमन माझ्या मागे, आणि थोड्या वेळाने बघते तर सगळ्यांच्या मागे दादामामा, डोक्यावर टॉवेल टाकून. या पत्रकाच्या पहिल्या ओळी मी त्याच्या आधी लिहिल्यात. पण त्या दिवसानंतर ओटीवर कोणी आलं की तो शॉक म्हणतो. मान खाली घालून म्हणतो, पण म्हणतो.

मामा, तू ते बघायला हवं होतंस. एकेका घरात मेन बंद होत होता. पंखे थांबत होते, टीव्ही बंद पडत होते, वरच्या भाडेकरूंची ओरड सुरू होत होती. आणि बाहेर उन्हात उभं राहून दारातून आत बघितलं की काळोख्या मधल्या खोलीच्या टोकाला तो लाल ठिपका. या घरात, त्या घरात, पुढच्या घरात. सगळं बंद आणि तू चालू. तू गेलास त्या दुपारी मी रडले नव्हते तेवढी ठाकुरांच्या दारात रडले, आणि मग डोळे पुसून वायरमनला म्हटलं, खांबावरून तोडा, इथलीही काढा.

म्हात्रे काकी तेवढ्या अडल्या. दारात हात आडवा धरून म्हणाल्या, राहू दे गो, त्याच्या हातचा हाय, आठवण राहील. मी मामीकडे वळले. मामी रस्त्यावरून म्हणाली, "त्याच्या हातचा हाय, म्हणून मी आले. नायतर सुतकात कोण बाहेर पडतंय?" काकींनी हात खाली घेतला.

तार काढायच्या आधी त्यांनी देवापुढे समई लावली. घरतांनी लावली होती, ठाकुरांनीही, आणि आपल्या देवघरात सुतक नसलेल्या शेजारणीने. कोणाचाच देव अंधारात बसला नाही, मामा. तुझ्या डोक्यावर काही नाही. आजीला सांग.

तू सांगितलं होतंस तसं हे तुझ्या नावाचं पत्रक. फोटो कळंबोलीचा लावतेय, क्रेनखाली उभा आहेस तो, खिशात टेस्टर दिसतो. टेस्टर माझ्याकडे आहे. मागायला कोणी आलं तर देणार नाही.

हे शेवटचं तेराव्यानंतर जोडतेय. देवघर उघडलं. लाल दिवा पुन्हा लावलाय, मेनच्या पुढे, त्याचा वेगळा स्विच देऊन, मी सांगत होते तस्सा. अर्ध्या दिवसाचंच काम निघालं. वायरमन गेल्यावर मी टेस्टर आधी चालू तारेवर लावला, पेटला. मग सगळ्यांना बाहेर बसवून मेन बंद केला, टेस्टर परत लावला, नाही पेटला. देवघराकडे बघितलं.

आता आपल्या घरात मेन बंद केला की अंधार होतो. पूर्ण. एवढंच मी मागत होते.